आमच्या परसातले गादीवाफे



घराच्या मागच्या मोकळ्या जागेला परस म्हणतात. परसात भाजी लावली की तिला परसबाग म्हणतात. बहुतेकांच्या घरामागे थोडी तरी जागा असते. कुठे लाकडे पडलेली असतात, कुठे उकिरडा असतो, कुठे नुसते गवत माजलेले असते. अशा जागेत भाजी कशी करावी, ते मी या लेखात सांगणार आहे. आम्ही ती यंदा केली आहे. त्यामुळे मोजलेले आकडेसुद्धा देणार आहे.

भाजी लावण्यासाठी वाफे करतात. जमिनीच्या बरोबरीने असतो तो सपाट वाफा. चर पाडून दोन्ही बाजूंना माती चढवली की सरी आणि वरंबा होतो. आणि जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच, वरून गादीसारखा सपाट असतो तो गादीवाफा. मिरची-वांग्याची रोपे तयार करायला शेतकरी गादीवाफाच करतात. आम्ही मात्र सगळी भाजीच त्यावर केली.

भाजीची गरज का पडली?

आमच्या घरी आजी, आण्णा, आई, मी आणि धाकटा भाऊ अशी पाच माणसे आहेत. भाऊ अंगणवाडीत जातो. आईला मार्गशीर्षात बाळ होणार आहे. जून महिन्यात उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी आईचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.४ निघाले. बाळंत होणाऱ्या बाईचे ते ११ च्या खाली असू नये, असे नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितले, "गोळी चुकवू नका. रोज हिरवी पालेभाजी खा. तिच्यावर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगाला लागतं. आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नका."

गोळ्या फुकट मिळाल्या. पण भाजी कुठून आणायची? पावसाळ्यात आठवडी बाजारात मेथीची जुडी तीस रुपयांना असते. पाऊस लागला की आण्णांची मजुरी बंद असते. म्हणजे ज्या दिवसांत भाजी महाग, त्याच दिवसांत आमच्याकडे पैसे कमी. एकदा आईने बाजारातून एकच जुडी आणली आणि ती आम्हा पोरांच्या ताटात वाढली. आपण चटणी-भाकरी खाल्ली. तेव्हा आजी आण्णांना म्हणाली, "आरं, जिला पायजे तीच खाईना, तर बाजार करून काय उपेग? परसात वाफे हायती, त्यातच लावू या सगळं."

वाफे आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीतच करून ठेवले होते. गुरुजींनी सुट्टीसाठी उपक्रम दिला होता, त्यात मी परसबाग निवडली होती. तो उपक्रम असा घराच्या उपयोगी पडला.

गादीवाफाच का?

आपल्या सोलापूर जिल्ह्याकडची जमीन बरीचशी काळी आहे. काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकट होते. वाळली की तिला भेगा पडतात. तिच्यात पाणी फार वेळ राहते. पिकाला ते एरवी चांगले असते, पण भर पावसात वाईट असते. कारण झाडाच्या मुळ्यासुद्धा श्वास घेतात. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत हवा असते. पाणी तुंबले की त्या पोकळ्या पाण्याने भरतात. मग मुळीला हवा मिळत नाही आणि ती कुजते. पान वरून पिवळे पडते. माणसाला वाटते, पाणी कमी पडले असेल, म्हणून तो अजून पाणी घालतो!

आजीला हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. ती म्हणते, "पाणी तुंबलं की झाड गुदमरतंय, पोरी."

गादीवाफा उंच असतो. जादा पाणी बाजूच्या वाटेत उतरते आणि वाटेने बाहेर जाते. मुळीला ओल मिळते आणि हवाही मिळते.

एक सोपा प्रयोग

साहित्य : प्लॅस्टिकच्या दोन रिकाम्या बाटल्या, फडके, दोरी, काळी माती, कुजलेले शेणखत, पाणी, घड्याळ.

कृती : बाटल्यांचे तळ मोठ्या माणसाकडून कापून घेतले. तोंडाला फडके बांधून बाटल्या उलट्या टांगल्या. पहिलीत नुसती काळी माती भरली. दुसरीत तेवढीच काळी माती आणि शेणखत मिसळून भरले. दोन्हींत एक एक पेला पाणी ओतले.

निरीक्षण : पहिल्या बाटलीतले पाणी खाली उतरायला ४१ मिनिटे लागली. दुसरीतले १३ मिनिटांत उतरले.

अनुमान : शेणखताने चिकट माती भुसभुशीत होते आणि पाण्याचा निचरा लवकर होतो.

काही जण काळ्या मातीत थोडी वाळू टाकतात. पण मूठभर वाळूने चिकटपणा जात नाही. खतानेच काम होते.

वाफा कसा करावा?

१. जागा. दिवसातून निदान सहा तास ऊन येईल अशी जागा निवडावी. मोठ्या झाडाच्या अगदी बुडाशी वाफा करू नये. झाडाची सावली पडते आणि झाडाच्या मुळ्या वाफ्यातले पाणी ओढून घेतात. मोरी किंवा हापसा जवळ असेल तर पाणी वाहण्याचे कष्ट वाचतात.

२. माप. वाफा ३ फूट रुंद करावा. लांबी जागेप्रमाणे ठेवावी. आमचा वाफा १० फूट लांब आहे. रुंदी तीनच फूट का? कारण वाफ्यावर कधीही पाय द्यायचा नसतो. पाय दिला की माती दबते आणि पोकळ्या बंद होतात. माझा हात खांद्यापासून बोटांपर्यंत २२ इंच भरला. वाफ्याची अर्धी रुंदी १८ इंच. म्हणजे मी वाटेत बसून दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचवू शकते. आजी तर पाटावर बसून खुरपते. आईलाही फार वाकावे लागत नाही.

३. वाट. दोन वाफ्यांमध्ये दीड फूट वाट सोडावी. वाटेची वरची माती खणून वाफ्यावर टाकावी. त्याने वाफा उंच होतो आणि वाट खोल होते. म्हणजे पाणी जायला चर आपोआप तयार होतो. चराचे तोंड उताराकडे असावे, घराच्या भिंतीकडे नसावे.

४. खणणे. खालची जमीन कुदळीने एक वीत खोल खणावी. ढेकळे फोडावीत. हरळीच्या आणि लव्हाळ्याच्या मुळ्या वेचून काढाव्यात, नाहीतर त्या पुन्हा फुटतात. खणलेली जमीन मे महिन्यात पंधरा दिवस उन्हात तापू द्यावी. बरीचशी कीड आणि तणाचे बी उन्हाने मरते.

५. माती आणि खत. आता गणित करू.
लांबी १० फूट × रुंदी ३ फूट × उंची अर्धा फूट = १५ घनफूट.
आमच्या घमेल्याने एका वाफ्याला ३२ घमेली लागली. त्यात माती २२ घमेली, कुजलेले शेणखत ८ घमेली आणि सोयाबीनचे जुने भूस २ घमेली होते. शेणखत शेजारच्या काकूंनी दिले. त्याच्या बदल्यात पुढे आम्ही त्यांना भेंडी दिली. खत पूर्ण कुजलेले असावे. ताज्या शेणाची उष्णता रोपांना सोसत नाही, आणि अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीच्या अळ्या येतात. कुजलेल्या खताला शेणाचा वास येत नाही, मातीचा येतो. ही त्याची खूण आहे.

६. कडा. पावसाने कडा ढासळतात. म्हणून कडेला दगड, जुन्या विटा, फुटकी कौले किंवा बांबू लावावा. आम्ही पडक्या भिंतीचे दगड लावले. त्याला पैसा लागला नाही.

७. कुंपण. हे विसरू नये. कोंबड्यांना भुसभुशीत माती फार आवडते. त्या एका सकाळी अख्खा वाफा उकरतात. आण्णांनी बाभळीच्या काट्यांचे कुंपण केले. तेव्हापासून शेजारची शेळी नुसती बघत उभी राहते.

पेरणी

आम्ही तीन गादीवाफे केले. पहिल्यात मेथी आणि पालक, दुसऱ्यात भेंडी, तिसऱ्यात अर्ध्या भागात मिरची आणि अर्ध्यात मेथी. उत्तरेच्या कुंपणावर दोडक्याचा वेल चढवला. उंच वेल उत्तरेला असावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. वेल दक्षिणेला असला तर त्याची सावली भाजीवर पडेल.

बी किती खोल पेरावे, याचा एक सोपा नियम आहे. बी जेवढे जाड, त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल. मेथी, पालक यांच्या ओळींत चार बोटांचे अंतर ठेवावे. भेंडीचे बी रात्रभर भिजवावे आणि एक एक फुटावर दोन दोन दाणे टोचावेत. मिरचीची रोपे सव्वा फुटावर लावावीत. कोथिंबिरीसाठी धने हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत. ते उगवायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून उगाच उकरून बघू नये. माझा भाऊ रोज उकरून बघत होता.

सगळा वाफा एकाच दिवशी पेरू नये. तसे केले तर सगळी मेथी एकदम येते आणि निबर होते. आम्ही पालेभाजीच्या वाफ्याचे चार भाग केले आणि दर आठ दिवसांनी एक भाग पेरला. मेथी २५ ते ३० दिवसांत येते. म्हणून चौथा भाग पेरल्यावर लवकरच पहिला भाग काढायला आला. मग दर आठवड्याला घरात पालेभाजी येऊ लागली.

गादीवाफा आणि सपाट वाफा यांची तुलना

आण्णांना वाटत होते की एवढी माती वाहून काही उपयोग नाही. ते म्हणाले, "जमिनीवर टाकलं तरी उगवतंयच की." म्हणून गुरुजींनी सुचवले की एक वाफा सपाटही करा आणि दोन्हींची मोजणी करा. आम्ही तेवढ्याच मापाचा सपाट वाफा शेजारी केला. बी एकाच पुडीतले, पेरणीचा दिवस एकच, खतही तेवढेच घातले. फरक फक्त उंचीचा ठेवला. प्रयोगात एकच गोष्ट बदलायची असते, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही.

मृग नक्षत्रात दोन्हीकडे मेथीचे शंभर शंभर दाणे मोजून पेरले. गादीवाफ्यावर ८१ उगवले. सपाट वाफ्यात ४६ उगवले.

मिरचीची रोपे दोन्हीकडे बारा बारा लावली. आषाढात तीन दिवस झड लागली. सपाट वाफ्यात पाणी दोन दिवस साचून राहिले. पंधरा दिवसांनी मोजले तेव्हा तिथे ५ रोपे जिवंत होती. गादीवाफ्यावर ११ होती. बारावे रोप पावसाने मेले नव्हते, ते अळीने बुडातून कुरतडले होते.

आण्णांनी स्वतः रोपे मोजली आणि म्हणाले, "बरं, पटलं." दुसऱ्या दिवशी त्यांनीच सपाट वाफ्याची माती वर ओढून त्याचा गादीवाफा केला.

पण गादीवाफ्याचा एक दोषही आहे. तो लवकर वाळतो. श्रावणात नऊ दिवस पाऊस आला नाही. तेव्हा गादीवाफ्याला रोज दोन बादल्या पाणी घालावे लागले. मग आम्ही झाडांच्या बुडाशी सोयाबीनचे भूस आणि वाळला पाला दोन बोटे जाड पसरला. याला आच्छादन म्हणतात. त्यानंतर एक दिवसाआड दोन बादल्या पुरू लागल्या. म्हणजे पाणी निम्मे वाचले.

म्हणून असे लक्षात ठेवावे : पावसाळ्यात काळ्या जमिनीवर गादीवाफा चांगला. उन्हाळ्यात, किंवा ज्यांची जमीन मुरमाड आहे आणि पाणी थांबतच नाही, त्यांनी सपाट किंवा थोडा खोलगट वाफा करावा. जमीन आणि ऋतू पाहूनच वाफा करावा.

पाणी आणि कीड

पाणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घालावे. एकदम ओतू नये, माती वाहून जाते आणि मुळ्या उघड्या पडतात. आमच्याकडे झारी नाही. आण्णांनी जुन्या डब्याच्या बुडाला खिळ्याने भोके पाडून दिली. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी वाफ्याला घालावे. साबणाचे पाणी पालेभाजीला घालू नये. ते केळीच्या आळ्याकडे सोडावे.

भेंडीवर आणि मिरचीवर मावा आणि तुडतुडे येतात. ते पानांतला रस पितात, मग पाने आकसतात. त्यावर निंबोळीचा अर्क चालतो. वाळलेल्या निंबोळ्या कुटून ५० ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी फडक्याने गाळून, थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळच्या वेळी पानांच्या खालच्या बाजूवर शिंपडावे. हे काम मोठ्या माणसाबरोबर करावे आणि नंतर हात धुवावेत. भाजी धुऊनच खावी. शेतात फवारायचे विषारी औषध परसात कधीही आणू नये. परसात लहान मुले खेळतात आणि भाजी तोडल्याबरोबर चुलीवर जाते.

एका जागी तीच तीच भाजी लावू नये. भेंडी काढली की तिथे चवळी, घेवडा किंवा मेथी लावावी. या भाज्यांच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले बारीक जीव हवेतले नत्र घेऊन ठेवतात. त्यामुळे जमिनीचा कस वाढतो आणि एकाच भाजीची कीडही तिथे ठाण मांडत नाही.

हिशोब

मी एक वही केली आहे. तिच्यात १५ जून ते १५ सप्टेंबर या तीन महिन्यांत तीन गादीवाफ्यांतून निघालेली भाजी लिहिली आहे. भाव बाजारातला, सरासरी धरला आहे.

मेथी २२ जुड्या, २० रुपयांप्रमाणे ४४० रुपये.
पालक १४ जुड्या, १५ रुपयांप्रमाणे २१० रुपये.
भेंडी ६ किलो, ६० रुपयांप्रमाणे ३६० रुपये.
हिरवी मिरची २ किलो, ८० रुपयांप्रमाणे १६० रुपये.
एकूण ११७० रुपये.
बियाण्याचा आणि रोपांचा खर्च १२० रुपये.
शिल्लक १०५० रुपये.

दोडके यात धरलेले नाहीत. ते आजीने किती जणांना वाटले ते तिलाच ठाऊक.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची माहिती छापली. तिच्यात मोठ्या माणसाने रोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात असे सांगितले आहे. ते गुरुजींनी वर्गात सांगितले. आमच्या घरी तीन मोठी माणसे. म्हणजे त्यांनाच रोज १२०० ग्रॅम. आमच्या तीन वाफ्यांतून एवढी भाजी निघत नाही. पण पूर्वी आठवड्यात एकदा पालेभाजी व्हायची, ती आता तीन-चार वेळा होते. आणि मुख्य म्हणजे आई आता ती आपल्या ताटात वाढून घेते. नाही घेतली तर आजी वाढते.

सप्टेंबरमध्ये नर्सबाईंनी पुन्हा रक्त तपासले. हिमोग्लोबिन १०.१ आले. आई म्हणाली, "गोळ्यांनी वाढलं." आजी म्हणाली, "भाजीनं वाढलं." नर्सबाई हसून म्हणाल्या, "दोन्हींनी. आणि अजून ११ व्हायचंय, म्हणून दोन्ही चालू ठेवा." आम्ही दोन्ही चालू ठेवले आहे.

बी राखणे

दर वर्षी बियाण्याची पुडी विकत आणायला लागू नये म्हणून बी घरी राखावे. गावरान वाणाचे बी राखता येते. संकरित बियाणे राखून पेरले तर पुढचे झाड पहिल्यासारखेच येईल असे नसते. आपल्या महाराष्ट्रात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान भाज्यांचे आणि धान्यांचे बी जमवून बियाण्यांची बँक केली. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांना बीजमाता म्हणतात. २०२० सालची पद्मश्री त्यांना मिळाली. त्यांनी हे काम आपल्या घरापासून आणि परसापासून सुरू केले.

आम्ही भेंडीची सर्वांत जोमदार दोन झाडे बियांसाठी सोडली आहेत. त्यांना दोरा बांधला आहे, म्हणजे कोणी चुकून शेंग तोडणार नाही. शेंग झाडावरच वाळली की काढायची. बी सावलीत वाळवून, राखेत घोळून, डब्यात भरायचे. डब्यावर भाजीचे नाव आणि साल लिहायचे.

आता काय करावे?

दसरा झाला की पाऊस ओसरतो. परसबाग सुरू करायला हे दिवस फार चांगले असतात. आता मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, टोमॅटो आणि वांगी लावता येतात. पहिल्या वेळी एकच वाफा करावा, १० फूट लांब आणि ३ फूट रुंद. तेवढा शनिवार-रविवारच्या सुट्टीत होतो. ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांनी खताच्या रिकाम्या पोत्याला खाली भोके पाडून, धुऊन, त्यात माती-शेणखत भरावे. एका पोत्यात एक वांग्याचे झाड किंवा मूठभर कोथिंबीर सहज होते.

माझ्याकडे गावरान भेंडीचे आणि दोडक्याचे बी आहे. आजीने त्याच्या कागदी पुड्या बांधून दिल्या आहेत. एका पुडीत दहा बिया आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी मधल्या सुट्टीत माझ्याकडून न्याव्यात. हे बी मात्र फाल्गुनात किंवा मृगात पेरायचे, थंडीत नाही. पुडीला पैसे नाहीत. पण अट एकच आहे. पीक आले की दहाच्या जागी वीस बिया परत आणून द्यायच्या, म्हणजे पुढच्या वर्षी तिसरीच्या मुलांना वाटता येतील.